चार पाटलांच्या हातांची चाकं

देवळासमोर चारही चाकं ओळीने उभी केली आणि मी टेप लावला. पहिलं छप्पन्न इंच, दुसरं साडेचौपन्न, तिसरं त्रेपन्न, चौथं बावन्न. मी पुन्हा मोजलं. लाकूड काही माझ्यासाठी वाढणार नव्हतं. जत्रेला नऊ दिवस उरले होते.

चंद्रपूरला चांदा म्हणत आणि कारभार नागपूरहून चाले, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव मूलच्या पुढे, धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं, संपून जंगल लागतं तिथे. मी सुताराची बायको. शाळा चौथीपर्यंत, पण फूट-इंच पक्के. माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, मोतीबिंदूने दिसेनासं झालं होतं. हात मात्र चांगला होता. मी मोजायची, गेरूने रेघ मारायची, त्यांचा हात रेघेवर नेऊन ठेवायची आणि ते तासायचे. बैलगाड्यांची कामं अशी निभत होती. देवाच्या रथाच्या लाकडाला बाईने पटाशी लावू नये असा नियम होता. बाईने मोजू नये असा नियम नव्हता, कारण बाई मोजेल हे कोणाला सुचलंच नव्हतं.

जुना रथ उधईने पोखरला म्हणून देवळाच्या कमिटीने नवा करायचं ठरवलं. सासरच्या तीन पिढ्यांनी त्या रथाचं काम केलं होतं. तरी कमिटीतले काही जण म्हणत होते, आंधळ्या सुताराकडून कशाला, सिरोंच्याकडचे तेलुगू कारागीर बोलवा. आमच्या गावचे पाटील कमिटीचे मुख्य. त्यांनी काम आम्हाला दिलं, पण अट घातली. जत्रेच्या दिवशी रथ चालला नाही, तर पुढे आमच्या घराने रथाला हात लावायचा नाही. तसं झालं असतं तर आंधळ्याकडे गाडीची आस दुरुस्त करायलासुद्धा कोणी आलं नसतं.

वरचा सांगाडा आम्ही वेळेत उभा केला. साग डेपोतून परमिटवर आणला, आस धावड्याच्या कठीण लाकडाची केली. शिखरापर्यंत चोवीस फूट. चाकांना मात्र आम्ही हात लावू शकत नव्हतो. चार गावं एकेक चाक देतात, तो त्यांचा मान. कोणत्या गावचं चाक कुठे बसायचं तेही ठरलेलं. आणि माप काय, तर चाक तीन हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तो हात पाटलाचा. पाटील लाकडावर हात ठेवतो, त्याच्या गावचा सुतार खूण करतो.

मी आधीच सांगितलं होतं, की माप इंचात देऊ. पाटील म्हणाले, देवाचं काम जंगल खात्याच्या फुटाने होत नसतं. चार पाटलांचे चार हात. चिचटोल्याचा पाटील ताडमाड, पळसटोल्याचा जेमतेम माझ्याएवढा. जे व्हायचं तेच झालं.

चाक चार इंच लहान-मोठं असलं तर काय बिघडतं, असं मला तेव्हाही शहाण्यासुरत्या माणसांनी विचारलं. बिघडतं ते असं. आस चाकाच्या मध्यातून जाते. एका आसेवर एक चाक चार इंच उंच असलं, तर आस त्या बाजूला दोन इंच वर चढते. खाली दोन इंच कललं, की चोवीस फुटांवर शिखर वीतभर कलतं. आणि आमच्या रथाची वाट तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल बांध्या, दोन्हीकडे दोर ओढणारी माणसं. सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगणं चाक नेमकं पुढच्या आसेवर होतं. चिचटोल्याचं उजवीकडे, पळसटोल्याचं डावीकडे. जागा बदला म्हटलं, तर दोन्ही गावं उठून जायला निघाली.

लोहारानेही हात वर केले. चाकाभोवती लोखंडी पट्टा चढवतात, त्याला धाव म्हणतात. तो म्हणाला, आधी चाकं सारखी करा, मग धावा ठोकतो.

दुसऱ्या दिवशी चौघे पाटील देवळाच्या पायऱ्यांवर बसले. मी मालकांना घेऊन गेले. चिचटोल्याचं म्हणणं, त्यांचं चाक बरोबर आहे, बाकीच्यांनी आपलं मोठं करून आणावं.

"मोठं कराले ते काय पोळी हाय?" आमचे पाटील म्हणाले.

"मंग लहान चाक आणलं काऊन?" चिचटोल्याचा पाटील म्हणाला.

पळसटोल्याच्या पाटलाला ते लागलं. तो म्हणाला, "माह्या हाताले कोणी लहान म्हटलं तं चाक उचलतो अन् घरी नेतो."

दुपार झाली तरी हेच. ज्याचं चाक कापायचं त्याचा हात खोटा ठरणार, म्हणून कोणी कापू देईना. मालक डोळे मिटून नुसते ऐकत होते. मला त्यांचाही राग आला.

त्रेपन्न इंचांचं चाक जंगलातल्या गोंड वस्तीचं होतं. त्यांच्या पाटलाला पटेल म्हणत. शेवटी पटेल कंटाळून म्हणाले, "आमच्या देवाले ना हात, ना पाय. तुमच्या देवाले तं हात हाय. त्याचाच मोजा ना."

सगळे हसले. पटेलांनी थट्टाच केली होती. मी मात्र पुजाऱ्याला म्हटलं, महाराज, दोरा घ्या आणि देवाचा हात मोजून आणा. पुजाऱ्याने आधी नाही म्हटलं, मग स्नान केलं, मग पूजा केली, आणि ऊन कलल्यावर दोरा आणला. साडेआठ इंच. मी मनात हिशेब केला आणि बोलले, "चाक देवाच्या सहा हातांचं."

"सहाच काऊन, बाई?" आमच्या पाटलांनी विचारलं.

"सात घेतले तं चारही चाकं लहान पडतात. पाटीलभाऊ, वाढवून दाखवा मले. सहा घेतले तं चारही कापा लागतात. कोणाचा हात खरा नाई, कोणाचा खोटा नाई."

मग चिचटोल्याचा पाटील म्हणाला, "आमचंच सगळ्यात जास्त कापते."

"तुमच्यापाशी जास्त हाय, म्हणून जास्त जाते, भाऊ," पटेल म्हणाले. तिथे ते मिटलं, आणि चारही चाकं एकाच हाताने तासायची म्हणून काम मालकांकडे आलं.

सहा हात म्हणजे एकावन्न इंच. मी सागाची पट्टी काढून तिच्यावर तेवढ्या मापाच्या खुणा केल्या. दोरीने माप घेऊ नये, ओढली की लांबते. चाकाच्या मधल्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली, त्या खुंटीवर अर्ध्या मापाची पट्टी फिरवून गोल रेघ मारली आणि मालकांचा हात रेघेवर ठेवला. तासायला चार दिवस लागले. दोन दिवसांत झालं असतं, पण प्रत्येक पाटील आपल्या चाकाजवळ पहारा द्यायचा, आणि ढलपी उडाली की त्याची माणसं प्रसाद म्हणून उचलायला मध्ये हात घालायची. मालकांना दिसत नाही, हे मी ओरडून ओरडून सांगत होते. कोणाचं बोट गेलं नाही हे नशीब. मग लोहाराने धावा तापवून चढवल्या आणि जत्रेच्या आदल्या दिवशी चाकं बसली.

जत्रेच्या दिवशी मी रथाच्या सांगाड्याला आतून ओळंबा लावला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. ते सरळ रेषेत लोंबतं आणि रथ किती कलला ते दाखवतं. पाळीवर रथ चढला तेव्हा लोक गजर करत होते आणि मी बाजूने चालत ओळंब्याकडे पाहत होते. बोटभरसुद्धा हलला नाही. देव तलावाला फेरी घालून परत आला. पाटलांनी मालकांना सगळ्यांसमोर मानाचा नारळ दिला आणि म्हणाले, रथ तुमच्याच घराकडे. मालक रडले. मी घरी जाऊन झोपले.

देवाच्या मापाची म्हणून पुजाऱ्याने ती पट्टी मागून घेतली आणि गाभाऱ्यात ठेवली. पाच-सहा वर्षांनी दोन चाकं चिरली. माप एकावन्न इंच हे मला ठाऊक होतं, पण इंच पाटील मानत नव्हते, म्हणून मी पट्टी मागायला गेले. पुजारी म्हणाला, देवाचा हात देवळाबाहेर जात नाही. मी म्हटलं, मग चाकं आत आणू? तर चाकं गाभाऱ्यात येत नाहीत. दारातून बघते म्हटलं, तर पट्टीवर शेंदराचा थर बसला होता. कुठून कुठपर्यंत माप ते कळायला मार्ग नाही. तोवर तिकडे दोन पाटलांनी लाकडावर आपापला हात ठेवलाही होता.

मी या लोकांना ओळखून होते. पहिली पट्टी काढली त्याच दिवशी तिच्यावर ठेवून दुसरी कापली आणि खुणाही उतरवल्या होत्या. दोन्ही गावच्या सुतारांना मी घरी बोलावलं आणि त्या पट्टीवरून माप उतरवून दिलं. पाटलांना सांगायची गरज नव्हती. माप कामाच्या जागी ठेवावं, पूजेच्या जागी नाही. घरच्या पट्टीला कोणी हळद-कुंकू लावलं नाही, म्हणून तिच्या खुणा अजून दिसतात.