सभासद क्रमांक एकशे बारा

माया रणपिसेबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागतं, म्हणून इतकी वर्षं टाळलं. ती आमच्या लोणंदच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. बोलायला तिखट, कामाला चोख. वडील रेल्वेत गँगमन, आणि पोरगी पुस्तकांत बसून पगार घेते याचं त्यांना कोण अप्रूप!

आमच्या वाचकांना एक खोड होती. पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं मत ठोकून द्यायचं, तेही निनावी. मग शिव्याही यायच्या. १९९४ साली मायानं नियम काढला, की मत लिहायचं तर खाली सभासद क्रमांक टाकायचा. शिव्या बंद झाल्या, आम्ही तिची पाठ थोपटली. सभासद सगळे पुरुष आणि वाचणाऱ्या मात्र त्यांच्या बायका, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

त्याच वर्षी एक जपानी कादंबरी मराठीत होऊन आली. बेटावरची एक बाई वीस वर्षं नवऱ्याचा मार खाते आणि एका सकाळी भांडी घासून, पालथी घालून, होडीत बसून निघून जाते. बस्स, एवढंच. शेवटचं पान बघता बघता भरलं. 'काहीच घडत नाही.' 'शेवट कळला नाही, दुसरा भाग असल्यास मागवावा.' 'बायकांना देऊ नये.' मी निवृत्त मास्तर, बोध काढल्याशिवाय मला जेवण जात नाही. मी लिहिलं, 'सोसण्यात केवढं सौंदर्य असतं, हे या जपानी स्त्रीकडून शिकावं.' खाली रुबाबात नंबर टाकला.

माझ्या मताखाली कुणीतरी गोल अक्षरात लिहिलं: 'तिला वीस वर्षं लागली. मला अकरा झाली. लय झाली. क्र. ११२.'

एकशे बारा म्हणजे कांद्याचा व्यापारी इंद्रजित. त्याची बायको हरणाबाई त्याच्या नावावर पुस्तकं न्यायची. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी ते वाचलं आणि बाजाराच्या दिवशी भर लिलावात त्याला डिवचलं, "काय रं इंद्रजित, तुझ्या नंबरानं बुकात लिवलंय, अकरा वर्सं मार खातोयास व्हय? बोलला न्हाईस कवा!" हमाल पोट धरून हसले. मीही हसलो. त्यानं पुस्तक कुठलं एवढं विचारलं आणि तो घरी गेला.

अर्ध्या तासानं तो वाचनालयात शिरला. हातात पोती ओढायचा लोखंडी हुक, सदऱ्यावर रक्त. मी पेपर वाचत बसलो होतो.

"ए बाई, ते जपानी बुक काढ. पान फाडायचंय मला."

मायानं पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यावर हात दाबून धरला. "रक्त कुणाचं?"

"माझ्या घरातलं हाय. तुला काय करायचंय?"

"हरणाबाई जिवंत हाय का?"

त्यानं हुक हाणला. तो तिच्या हातात आरपार घुसून खालच्या पुठ्ठ्यात रुतला. माया किंचाळली, पण हात उचलला नाही. शेवटी त्यानंच हुक उपसला, पान टरकावलं आणि गेला. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. आज लिहितानाही मला माझी किळस येते.

तो गेल्यावर मी रुमाल पुढे केला. तिनं तो दातानं ओढून बांधला. "गुरुजी, नंबर टाकायला मीच लावलं हो," म्हणाली आणि उठली. मला वाटलं, दवाखान्यात निघाली. ती इंद्रजितच्या घरी गेली. मी लांबून मागे मागे.

दोघी बाहेर आल्या. हरणाबाईचा एक डोळा मिटलेला, ओठ फाटून लोंबत होता. "बाई, मारंल त्यो तुमाला."

"मारू दे. चला. तुमच्या बहिणीकडं, सांगलीला. गाडी गाठायची."

स्टेशनची वाट बाजारातूनच जाते. इंद्रजित काठी घेऊन मागून धावत आला. पहिला तडाखा मायाच्या पाठीत बसला, ती गुडघ्यावर आली आणि उठली. दुसऱ्यानं डोकं फुटलं. हरणाबाईचं मनगट तिनं सोडलं नाही. सगळा बाजार बघत होता. "रणपिशाच्या पोरीसाठी कोन मधी पडतंय?" माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्यांदा काठी उगारली तेव्हा हरणाबाईनं भाजीवालीच्या तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचं मी ऐकलं. तो आडवा झाला, लेकरासारखा ओरडायला लागला.

आता मला हिंमत आली. मी पुढे होऊन दोघींसमोर उभा राहिलो, हात जोडले. "हरणाबाई, दमानं घ्या. संसार आहे. असं तडकाफडकी..."

"गुरुजी, वाट सोडा," माया म्हणाली. रक्त तिच्या डोळ्यात उतरलं होतं, तरी ती आदरानंच बोलली.

वजन घालताना हरणाबाईनं नवऱ्याकडं जसं पाहिलं होतं, अगदी तसंच माझ्याकडं पाहिलं. वजन अजून तिच्या हातात होतं.

मी बाजूला झालो.