ऑकलंडहून सापगावला

"आरं, कुठं आडलं तुजं इमान? पोरं सकालपासून उपाशी हायत." आळीतले म्हातारे हरी आप्पा भर अंगणात उभे राहून माझ्यावर ओरडत होते. त्यांचा आवाज उंबरमाळीच्या डोंगरावर आपटून परत आला असणार.

पहाटे माझा थोरला भाऊ, दादा, गेला होता. आमच्या सापगावच्या आळीत मयत उचलल्याशिवाय कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. अख्खी आळी भुकेली बसली होती, आणि त्याला कारण माझी जीभ. दादाची एकुलती लेक पल्लवी, बाप अत्यवस्थ आहे कळताच आदल्या दिवशी ऑकलंडहून निघाली होती. मी जन्मात विमानात बसलेलो नाही, पण विमानावर माझ्याइतकं बोलणारा शहापूर-मुरबाडात दुसरा सापडायचा नाही. फोनवर अंतर पाहिलं, बारा हजारांवर किलोमीटर. वेग ताशी नऊशे. भागाकार केला आणि छातीठोक सांगितलं, पोर दुपारी दारात. शहापूरची एसटी मुरबाडला जाते तसं विमान नाकासमोर येत असेल, असा माझा हिशोब.

दुपारी फोन आला तो सिंगापूरहून. "काका, पुढचं विमान अजून लागायचंय. उद्या उजाडताना पोचेन. बाबांचं तोंड तरी बघू द्याल ना?"

"व्हय गो," म्हणालो आणि ओट्यावर मटकन बसलो. शहापुरात मयत ठेवायची शीतपेटी एकच, ती दुसऱ्या गावाला गेलेली. दवाखान्यात जागून जागून माझ्या अंगात कुंभकर्णाला पुरून उरेल एवढी झोप साचली होती. एरवी मी म्हसा गावच्या म्हसोबाशी बैलबाजारातल्या दलालासारखी घासाघीस करतो, हे दे, मग कोंबडा देतो. त्या दिवशी घासाघीस करायचंही त्राण नव्हतं. नुसतं म्हटलं, देवा, मी दमलो. आता तू बघ.

थोड्या वेळानं आळीत एक टेम्पो शिरला. म्हशाच्या पौषातल्या जत्रेला बर्फाचा गोळा विकायला निघालेला, कधी न पाहिलेला माणूस. "म्हशाला हाच रस्ता काय?" त्यानं विचारलं. मग अंगणात त्याची नजर गेली. कुणीतरी त्याला पोरीचं सांगितलं. त्यानं टेम्पोची मागची फळी पाडली आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या एकेक करून दादाभोवती रचल्या.

आप्पा पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची म्हातारी म्हणाली, "बसा आता गुमान. देवानं बरफ धाडला, आपल्याला एक रात पानी पिऊन निगंल." आप्पा बसले. त्यांच्यामागून सगळी आळी बसली.

उजाडताना पल्लवी आली. बापाच्या गार गालाला गाल लावून बसली. कितीतरी वेळ. आम्ही कुणी घाई केली नाही.

मी आजवर देवाच्या नावानं पुष्कळ थापा मारल्या आहेत. म्हसोबाच्या कृपेनं दादाला रानात वाघानं वाट दिली, ही त्यातली सगळ्यात लहान. ही गोष्ट मात्र फुगवायला जातो आणि हात थांबतो. मी हिशोब मांडत होतो तोवर काही जुळलं नाही. दमून सोडून दिला, तेव्हा माझ्या दारात कुणीतरी उभं राहिलं. त्या पायांवर माझं डोकं कायमचं.

जत्रेहून परतताना तो माणूस गोणपाटं न्यायला आला. मी हात जोडले, डोळे भरून आले. म्हटलं, "बाबा, तुला म्हसोबानंच धाडलं."

त्यानं गोणपाटं झटकली, घडी घालून टेम्पोत टाकली.

"रस्ता चुकलो, काका. आन् थंडीत गोळा खातंय कोन."