परळीच्या आप्पांची मूठ

घासाघिशीत मला आयुष्यात एकच माणूस भारी पडला, तो म्हणजे परळी वैजनाथचे माझे पहिले घरमालक. आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे. मी डोक्यावर पितळी भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरलेला माणूस. बायकांशी भाव करून करून माझी जीभ तयार झालेली. पण या माणसाने मला नऊ दिवस फुकट भांडायला लावलं.

गाव त्यांना आप्पा म्हणे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, खांद्यावर उपरणं. भाव न करता आणलेलं वांगं त्यांना गोड लागत नसे. भाजीवालीशी अर्धी सकाळ भांडून दिडकी कमी करायचे आणि उठताना तीच दिडकी तिच्या टोपलीत टाकायचे. न्हाव्याशी तर वस्तरा गळ्यावर असतानासुद्धा भाव चाले. न्हावी काकुळतीला येऊन म्हणे, "आप्पा, हलू नका, मान कापंल." आप्पा म्हणत, "काप की. निम्मेच पैसे देतो बघ."

मी नगरकडचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. निजामाच्या राज्यात मी गैरमुलकी, परका. पाच घरमालकांनी मला दारातूनच परत पाठवलं. एकाने तोंडावर विचारलं, "उद्या हद्दीपल्याड पळालात तर तुमाला कुठं हुडकायचं?" मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि धर्मशाळेत जाऊन ढेकणांत झोपलो. तिकडे माझी बायको अंगावरच्या पोरीला घेऊन आपल्या भावाकडे बसलेली. भावजय भाकऱ्या मोजून वाढत होती. बायकोने निरोप धाडला, "घर मिळत नसेल तर मीच धर्मशाळेत येते."

अशात आप्पा भेटले. त्यांच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्यांनी बैलबाजारातल्यासारखं माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि खालून बोटं दाबू लागले. एक बोट म्हणजे महिन्याचा एक रुपया. त्यांनी पाच दाबली, मी दोन. ते चारवर आले, मी तीनवर गेलो. मग त्यांनी माझी सगळी बोटं आत दुमडून मूठ घट्ट बंद केली, उपरणं काढलं, गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं. "या मग," म्हणाले.

मला वाटलं, जमलं नाही, उद्या बघू. आमच्याकडे सौदा तोंडाने बोलतात आणि हातावर सुपारी ठेवतात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हजर. भाडं अडीचवर आणलं. पुन्हा मूठ, पुन्हा गूळ. मग कौलं त्यांनी शाकारायची ठरलं. मग भाडं इंग्रजी कलदार रुपयात नाही, निजामाच्या हलक्या हाली शिक्क्यात द्यायचं ठरलं. रोज मी जिंकत होतो आणि रोज धर्मशाळेत झोपत होतो.

नवव्या दिवशी मी उपरणं भिरकावलं. "आप्पा, मला घर पाहिजे! गूळ नको!"

आप्पा गोंधळले. "घर तर तुमाला पैल्याच दिशी दिलंय की. मूठ मिटली न्हाई का?"

"मग रोज भाव कशाला करत होतात?"

"तुमी येत होतात म्हणून! म्हनलं, पाव्हण्याला लई हौस हाय. मुहूर्त बघायलेत, तवर दोन घटका बसू." मग जरा खाली बघून म्हणाले, "आमच्या हिच्यामागं घरात भांडायला कोन हाय?"

चावी पहिल्या दिवसापासून कोनाड्यात होती.

आठवड्यात बायको आली. त्या खोल्यांत आम्ही चार वर्षं राहिलो. पुढे माझं स्वतःचं घर झालं, तेव्हा चावी परत करायला गेलो. आप्पांनी माझ्या हातावर उपरणं टाकलं. मी सवयीने बोटांची वाट बघितली. त्यांनी एकही दाबलं नाही. चावी माझ्या तळहातावर तशीच ठेवून मूठ बंद केली आणि बराच वेळ धरून ठेवली. त्या दिवशी गूळ द्यायचा मात्र विसरले.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या नऊ दिवसांची भरपाई कुणाकडे मागायची? आता माझ्याकडे भाडेकरू येतात. भाडं विचारतात आणि लगेच हो म्हणतात. मला काही चैन पडत नाही. "जरा जास्त नाही वाटत तुम्हाला?" असं मीच विचारतो. ते उलट पैसेच काढायला लागतात. मी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो आणि म्हणतो, "उद्या या."