दाराजवळचा बाक

आमच्या काळी सगळा मराठवाडा लातूरला डॉक्टर व्हायला येत असे. कादंबरी लिहायला आलेली मुलगी मी एकच पाहिली, आणि ती माझी रूम पार्टनर होती. मी बिलोलीची, ती औशाकडची, भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या एका गावातली. तिची एकेक सवय म्हणजे प्रकरण होतं. खोलीत खाट असूनही ती व्हरांड्यात झोपायची, ऐन थंडीत, उशाला चपला घेऊन. खिडकीत तिने स्टीलचे तीन पेले एकावर एक उपडे रचले होते, जमीन हलली तर आधी ते वाजावेत म्हणून. एका दुपारी मांजराने ते पाडले आणि या बाईसाहेबांनी आम्हा सात मुलींना केमिस्ट्रीच्या वह्यांसकट रस्त्यावर काढलं. मांजर मात्र निवांत आमचं दूध पीत बसलं होतं.

आमचा क्लास लांबलचक पत्र्याच्या हॉलमध्ये भरे. दार एकच, तेही मागे. रविवारी टेस्ट आणि सोमवारी मार्कांप्रमाणे जागा, हा सरांचा नियम. मी पहिल्या बाकावर, ती कायमची शेवटच्या. तिथे पुस्तकाआड तिची कादंबरी चाले: शहरातल्या हायस्कुलात नवी आलेली आणि कुठल्याच बाकावर आपली न वाटणारी एक मुलगी. वही मागच्या बाकांवरून फिरत संध्याकाळी खोलीवर येई, आणि जो तो आपल्याला त्यात घे म्हणून तिच्या मागे लागे. मी तेवढी उपदेशाचे डोस पाजत असे.

मग सरांनी बजावलं की पुढच्या टेस्टला पुन्हा शेवटची आलीस तर नाव कमी करणार. नाव कमी झालं की परत गावी, आणि गावात अकरावी नव्हती. मी घाबरले. आठवडाभर तिला फिजिक्स शिकवलं. तिने निमूट ऐकलं आणि मधेच माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

ती पुन्हा शेवटची आली. सर नाव काढायला तिच्या बाकापाशी गेले, वही हिसकावली आणि उभ्या उभ्या वाचू लागले. कादंबरीतली मुलगी रविवारचा पेपर मनातल्या मनात पूर्ण सोडवत होती आणि निम्मा कोरा ठेवून देत होती. उत्तरं एकूण एक बरोबर होती.

"हे सगळं येतं तुला?" सरांनी विचारलं.

"येतं, सर. पर दार मागं हाय. पुढं बसलं की लई लांब पडतं."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "फळा उचला रे."

चार पोरांनी फळा नेऊन दाराशेजारी लावला, बाक फिरवले, आणि तिचा शेवटचा बाक पहिला झाला. मी कोपऱ्यात भिंतीशी गेले. पुढच्या सोमवारी ती मार्कांनीही पहिली आली, आणि बारावीपर्यंत तो बाक तिने कुणाच्या बापाला दिला नाही. मला तर इतका आनंद झाला होता की हरल्याचं वाईट वाटायचंच राहून गेलं.

पुढे ती कादंबरी छापून आली. नांदेडच्या प्रकाशनाला हॉल भरून शाळकरी पोरं आली होती. मी अधाशासारखं आधी स्वतःला शोधलं. सापडले. बिलोलीची, सदा पहिली येणारी, जरा आगाऊ पण मनाने चांगली. पहिल्याच दिवशी ती नव्या मुलीला विचारते, "तू दाराजवळच का बसलीस?"

दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. मी तिला हे कधीच विचारलं नव्हतं.