सेवेत झडलेल्या मांड्या

सासूबाईंना निमोनिया झाला आणि मोताळ्याहून नेऊन मलकापूरच्या एका दवाखान्यात भरती केलं, तेव्हा आमच्या घराला सेवा करण्याची मोठी संधी मिळाली. सत्तरी ओलांडलेल्या या बाईनं जन्मात कुणाकडे पाण्याचा पेला मागितला नव्हता. घरामागच्या तुकड्यात वांगी, मेथी लावायच्या, तण निंदायच्या, आणि तरीही माझ्या भाकरीला नावं ठेवायला त्यांच्याकडे वेळ उरायचा.

दवाखान्यात मात्र आम्ही त्यांना हलू दिलं नाही. नणंद आली ती पाय चेपायलाच बसली. माझ्या नवऱ्यानं शाळेतून रजा काढून आईला चमच्यानं भरवायचं काम अंगावर घेतलं. सासूबाईंनी चमच्याला हात लावला की तो म्हणायचा, "तू राहू दे, आई." संडासला जाते म्हणाल्या तर नणंदेनं पलंगावरच भांडं दिलं. भेटायला येणारा प्रत्येकजण "आराम करा" म्हणायचा आणि बिस्किटांचा पुडा ठेवून जायचा. जेवण आजारी माणसाचं: भाताची पेज, साबुदाणा, वरणाचं वरवरचं पाणी. डाळ जड पडेल म्हणून तळाची दाट डाळ आम्ही संपवायचो. पेशंट पाण्यावर आणि सेवेकरी डाळीवर.

औषधांनी गुण आला. ताप उतरला, छातीचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टरीणबाई घरी न्या म्हणाल्या. नणंदेनं पेढे वाटले. मग सासूबाईंनी पलंगाखाली पाय सोडले, उभ्या राहायला गेल्या आणि मटकन खाली बसल्या.

"हे पाय माहे नाहीत," त्या म्हणाल्या. "कोनाचे लावले मले?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांची मांडी दाबून पाहिली. कातडी सैल लोंबत होती.

"निमोनिया आम्ही बरा केला," त्या म्हणाल्या, "पण हे तुम्ही केलंत." या वयात पडून राहिलं की मांस भराभर झडतं, आणि भरून यायला फार वेळ लागतो. त्यात पोटात डाळ, दूध, अंडं नसेल तर आजारी शरीर स्वतःचंच मांस खातं. "किडनी चांगली आहे त्यांची. दाट वरण, दही, पनीर द्या. चालत असेल तर अंडं. खुर्चीतून उठ-बस करवा, धरून चालवा. आणि सेवा बंद."

एवढं करून हेच ऐकायचं का, म्हणत नणंद रुसून तिच्या घरी गेली.

इकडे घरी आल्यावर गल्लीत माझं नाव खराब व्हायला सुरुवात झाली. मी तांब्या मुद्दाम पलीकडच्या टेबलावर ठेवायची. "आई, उठून घ्या, मी मागे उभी आहे."

"काऊन वं, आजारी मानसाले कामाले लावून राह्यली?"

हे आवाज समोरच्या काकूंच्या ओट्यापर्यंत जायचे. काकू मान हलवायच्या. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना, म्हातारी आहे ती." मी म्हणायची, "म्हणूनच."

आमच्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. पहिलं उकडलेलं अंडं त्यांनी डोळे मिटून, औषध म्हणून गिळलं. आठवडाभरात म्हणाल्या, "त्या औषधाले थोडं मीठ-मिरं लावत जा."

दोनेक महिन्यांनी एका सकाळी पाहिलं तर खुर्ची रिकामी. मी दारात धावले. काठी टेकत सासूबाई गल्ली ओलांडून काकूंच्या ओट्याची शेवटची पायरी चढत होत्या. मी दाराआड थांबले.

"बसूच देत नाही वो ते मले," त्या धापा टाकत सांगत होत्या. "सारखी उठोते. घासाघासाले डाळ कोंबते."

"बाप्पा!" काकू म्हणाल्या. "मंग इथलोक कशी आली तू?"

सासूबाईंनी काठी ओट्याला टेकवली. "चालत आली. नाही त काय? तक्रार कराले कोनी उचलून आनते काय?"

नवरा त्यांना आणायला निघाला होता. मी त्याची बाही धरली. पायऱ्या उतरताना त्यांचा गुडघा दोनदा लटपटला, पण त्या उतरल्या. वाकून निंदणं त्यांना अजून जमत नाही. मेथी मी लावते आणि त्या खुर्चीवरून चुका काढतात. नणंद फोनवर अजून विचारते, आईला आराम देतेस ना? मी हो म्हणते.