साखर न घालता

टार्बेल फॉल्समध्ये असा एक तरी माणूस दाखवा, ज्याने देकाच्या तोंडून कधी वाकडा शब्द ऐकला असेल. सापडणार नाही. आणि सगळा घोळ तिथेच होता.

अकरा वर्षांची असताना देका केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतून आईचा हात धरून अमेरिकेच्या मेन राज्यातल्या या गावात आली. बुटांचा कारखाना बंद पडून गाव अर्धं रिकामं झालेलं, त्यामुळे घरं स्वस्त. एक सोमाली कुटुंब आलं, त्यामागून दहा आली. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मग डॉक्टर काय म्हणतो, शाळेतली बाई काय म्हणते, हे सगळं पोरीनेच सांगायचं. घरमालक जिन्यात उभा राहून ओरडायचा, "तुमच्या त्या मटणाच्या वासाने जीव नकोसा झालाय माझा!" देका आईला सांगायची, "विचारतायत, एवढं छान काय शिजतंय?" आई हरखून त्याला ताट भरून द्यायची. तो बिचारा ताट हातात घेऊन बघतच राहायचा. पुढे पुढे त्याचं ओरडणं कमी झालं. मटण आवडलं असेल किंवा लाज वाटली असेल, पण देकाने मनाशी पक्कं धरलं की गावातली शांतता आपल्या जिभेवर उभी आहे.

मोठी झाल्यावर ती रीतसर दुभाषी झाली. शिकवणाऱ्यांनी दोन गोष्टी डोक्यात ठोकून बसवल्या. पहिली, जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही की पदरचं घालायचं नाही. दुसरी, बोलणारा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. इस्पितळात आणि कोर्टात देका हे काटेकोरपणे पाळायची. गावातल्या बैठकांना मात्र ती घरचंच काम समजायची, आणि घरच्या कामात साखर जरा सढळ हाताने पडतेच.

साखर दोन्ही बाजूंनी घालावी लागे. गोरी मंडळी टोचून बोलत, तर सोमाली मंडळींना टोपणनावांची खोड. लंगडा असेल तर लंगड्या, तिरळा असेल तर तिरळ्या, आणि ज्याला म्हणायचं तो खुशाल ‘ओ’ देतो. देकाचे पुढचे दात जरा बाहेर, म्हणून ती लहानपणापासून दाताळ. तिच्या आईच्या गावचे अवालेकाका, सगळ्या सोमाली घरांचे वडीलधारे, त्यांचे कान बशीएवढे म्हणून ते कानाड्या. आणि गावसभेचे सभापती नॉर्म वेलेट, ज्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, त्यांना एकाही सोमाली घरात नॉर्म म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ते टकल्या. "त्या टकल्याला विचार, रस्त्यावरचा बर्फ कधी काढणार," असं काका म्हणत आणि देका इंग्रजीत म्हणे, "माननीय सभापतींना माझी नम्र विनंती आहे." नॉर्मना इतका मान त्यांच्या सख्ख्या पोरांनीही कधी दिला नव्हता.

मग कबरस्तानाचा प्रश्न आला.

गावात मुसलमानांना मूठमाती द्यायला जागा नव्हती. कुणी गेलं की मढं घेऊन अडीच तास गाडी हाकत दुसऱ्या राज्यात जायचं. काकांची बायको तिथे होती, देकाची आईही तिथेच. काकांना आता गाडी चालवता येत नसे, आणि बायकोच्या कबरीशी जायचं तर पोरांच्या सुट्टीची वाट बघावी लागे. गावच्या दफनभूमीला लागून टेकडीवर पडीक जागा होती. त्यातला एक तुकडा मिळावा, असा अर्ज त्यांनी केला. देकालाही तो तुकडा मनापासून हवा होता. दुभाष्याने कुणाच्या बाजूचं असू नये. ती होती.

शरदात वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये लोकांचं म्हणणं ऐकायला बैठक झाली. लॉरेन पेल्की उभी राहिली. जन्म त्या टेकडीच्या पायथ्याशी काढलेली, बुटांच्या कारखान्यात शिलाईवर हात झिजवलेली, नवरा वेंडेल वर टेकडीवर पुरलेला.

"माझी विहीर खाली आहे," ती म्हणाली. "ही माणसं पेटीसुद्धा घेत नाहीत. फडक्यात गुंडाळतात नि खड्ड्यात टाकतात, कुत्रं पुरावं तसं. आणि ते पाणी मी प्यायचं?"

 काका देकाकडे बघत होते.

"बाईंना विहिरीच्या पाण्याची थोडी काळजी वाटतेय," देका सोमालीत म्हणाली.

काकांचा चेहरा फुलला. छातीवर हात ठेवून ते लॉरेनकडे बघून तोंडभर हसले. "सांग तिला, पाणी ही देवाची देणगी. तिची विहीर कधी आटू नये."

हे मात्र देकाने शब्दन् शब्द सांगितलं. लॉरेन लालबुंद झाली, कोट उचलून चालती झाली. आठवडाभरात गावात एकच गोष्ट: म्हातारा तिच्या तोंडावर हसला! जे लोक ‘द्या की जागा’ म्हणत होते, तेही गप्प झाले. हे असं कसं झालं, हे देकाला कळत होतं आणि कुणाजवळ बोलता येत नव्हतं.

आमच्याकडे कुणाला गाठायचं असेल तर शनिवारी कचरा डेपोवर जावं. घरचा कचरा ज्याचा त्याने आणून टाकायचा, म्हणजे सगळं गाव तिथे भेटतं. देका बाटल्या टाकत होती, तेव्हा लॉरेन येऊन पुढ्यात उभी राहिली.

"काय सांगितलंस गं त्याला?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मी कुत्रं म्हणाले. कुत्रं ऐकून माणूस असा हसत नाही. एक तर तो संत आहे, नाहीतर तू खोटारडी आहेस. आणि संत काही टार्बेल फॉल्सला राहायला यायचा नाही."

देकाच्या हातातली बाटली हातातच राहिली. "तुम्ही फार लागेल असं बोललात, मिसेस पेल्की."

"लागावं म्हणूनच बोलले! रात्र रात्र झोप नाही मला. ते त्याला कळायला हवं होतं. माझं बोलणं माझं आहे. ते धुऊन, इस्त्री करून द्यायला कुणी सांगितलं तुला?"

देका तडक काकांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. कुत्र्यासकट. काकांचा चहा निवून गेला.

"म्हणजे अख्ख्या हॉलला ठाऊक होतं," ते सावकाश म्हणाले, "आणि मी एकटा दात काढत बसलो होतो."

"काका, तुमचा अपमान झाला असता."

"झालाच होता की! फक्त मला कळू दिला नाहीस. पोरी, मी दोन लढाया बघितल्यात, भूक बघितलीय. एका म्हातारीचा एक शब्द मला पेलला नसता? तिला वाटलं मी तिची टर उडवली. मी तिला माणूस म्हणून उत्तरच दिलं नाही. ते तू दिलंस, माझ्या तोंडाने."

देका त्या दिवशी खूप रडली. रागावलेल्या लॉरेनपेक्षा काकांचं बोलणं तिला जास्त लागलं, कारण त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

मार्चमध्ये गावसभा भरली. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या, मागच्या टेबलावर बीन्सची पातेली आणि ॲपल पाय, त्यांच्या शेजारी सोमाली बायकांचे सांबुसे, म्हणजे त्यांच्याकडचे समोसे. सभेत जो ठराव मंजूर होईल तोच गावचा निर्णय. आज जागा मिळाली तर मिळाली.

सुरुवातीलाच ब्रूक लिटलफील्ड उठली. गावच्या पंचमंडळातली ही तरुण मुलगी, मनाने सोन्यासारखी. तिने एक कागद वाचला: आज कुणीही कुणाला दुखावणारी भाषा वापरू नये, मागच्या बैठकीतली तुलना पुन्हा केल्यास माइक बंद करावा. "आपल्या सोमाली शेजाऱ्यांना इथे सुरक्षित वाटलं पाहिजे," ती म्हणाली.

देकाने ते जसंच्या तसं सांगितलं. काका उठले.

"ही पोरगी चांगली आहे," त्यांचं बोलणं देका इंग्रजीत आणत होती, "पण मला न विचारता माझ्या कानात बोळे का घालतेय? मागच्या वेळी त्या बाईचं बोलणं मला अर्धंच कळलं. आज मला पूर्ण हवंय. जी बाई अर्धं गिळून घरी जाईल, तिच्या टेकडीवर मला कसली झोप लागणार? म्हणून मी त्या..."

देका थांबली. पुढचा शब्द जिभेवर येऊन अडला होता. तिने काकांकडे पाहिलं. काका शांत उभे होते. तिने डोळे मिटले.

"...म्हणून मी त्या टकल्याला सांगतो, आधी तिला बोलू दे."

 ब्रूकने कपाळाला हात लावला. नॉर्म वेलेटनी आपल्या गुळगुळीत डोक्यावरून सावकाश हात फिरवला, जणू काही उगवलंय का ते बघत होते.

"आजवर माननीय म्हणत होते," ते म्हणाले.

"ते मी म्हणत होते," देका म्हणाली. "ते नेहमी टकल्याच म्हणत होते. मी गोड करून सांगत होते, दोन्हीकडचं. आज नाही करणार. आज माझ्या तोंडून ‘मी’ निघेल, तो बोलणाऱ्याचा. आवडो, न आवडो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता अख्खी जिम हसायला लागली. सगळ्यात मोठ्याने नॉर्मची बायको.

हसू ओसरल्यावर नॉर्मनी हातोडा आपटला. "ब्रूक, तुझा हेतू चांगला आहे, पण माइक बंद होणार नाही. कुणी कुणाच्या अंगावर शिवी फेकली तर मी थांबवीन. मत कडू आहे म्हणून थांबवणार नाही, आणि त्याला उत्तर देणाऱ्यालाही थांबवणार नाही. मिसेस पेल्की, बोला."

लॉरेन उठली. आधी तिने देकाकडे पाहिलं. "सगळं सांगशील ना?"

"सगळं."

मग लॉरेन बोलली, तेच पुन्हा. विहीर, फडकं, खड्डा, कुत्रं. आवाज मात्र मागच्यासारखा चढला नव्हता. आणि एक नवीन गोष्ट बोलली, की दर रविवारी ती वेंडेलजवळ जाऊन बसते, तेवढाच तिच्या आठवड्यातला निवांत वेळ, आणि तोही आता जाईल म्हणून ती घाबरली आहे.

देका सोमालीत ‘मी’ म्हणत सांगत गेली. ‘कुत्रं पुरावं तसं’ म्हणताना तिच्या आईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तरी तिने तो शब्द गाळला नाही.  तिने पूर्ण वाक्य सांगितलं.

काका या वेळी हसले नाहीत.

"मला राग आला," ते म्हणाले. "तो मी लपवत नाही. म्हातारे, ऐक. माझी बायको गेली तेव्हा मी तिला माझ्या हातांनी न्हाऊ घातलं. केस विंचरले. पाच वस्त्रांत गुंडाळलं, उजव्या कुशीवर निजवलं, तोंड पवित्र दिशेला केलं. तुमच्यात कुत्र्यासाठी कुणी एवढं करत असेल तर मी तुझा शब्द मान्य करतो. नाहीतर तो तू परत घे. पण पाण्याची गोष्ट वेगळी. पाण्याची भीती खरी आहे. तुझ्या विहिरीकडचा उतार आम्हाला नको. पलीकडचा द्या, आणि पाणी दरवर्षी तपासा. पाणी बिघडलं तर आम्ही तिथे आणखी कुणाला पुरणार नाही."

लॉरेन अजून उभीच होती. "ते वस्त्र," ती म्हणाली, "नवं असतं?"

"नवं. पांढरंशुभ्र."

"वेंडेलला मी त्याचा शिकारीचा लाल शर्ट घालायला लावला होता. दफनवाला नाक मुरडत होता. मी म्हटलं, त्याला हाच आवडायचा." तिने ओठ घट्ट मिटले, मग मोकळे केले. "कुत्र्याचं मी परत घेते. बाकीचं घेत नाही."

ती बसली. पलीकडचा उतार आणि पाण्याची तपासणी ठरावात घातली गेली. नॉर्मनी हात वर करायला सांगितले. देकाने आपला हातही वर केला. या गावची ती मतदार होती, आणि तो हात तिचा स्वतःचा होता. थोड्याच फरकाने ठराव मंजूर झाला. सोमाली बायकांनी मागे एकमेकींना मिठ्या मारल्या. देकाला वाटलं होतं आपल्याला आनंदाने ओरडावंसं वाटेल, पण ती नुसती खुर्चीवर बसून राहिली.

समोर लॉरेन येऊन उभी होती, हातात सांबुशाची प्लेट. काका बाजूलाच.

"मी विरोधात मत दिलंय," ती म्हणाली. "सांग त्याला."

देकाने सांगितलं.

"बघितलं मी. चांगला उंच हात केला होतास," काका म्हणाले. "माझ्या तोंडावर विरोध करणारी शेजारीण मला चालेल. तिच्याजवळ मला निश्चिंत झोप लागेल."

हे इंग्रजीत सांगताना देका अडखळली. पहिल्यांदाच तिला एक वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. लॉरेनने घाई केली नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत ती थांबली.

"त्याला म्हणावं, एवढी घाई कसली?" लॉरेन सांबुसा चावत म्हणाली. "टेकडीवर नंबर आधी माझा आहे. मी मोठी आहे त्याच्याहून."

"मोठी?" काका उसळले. "हिला विचार, हिचा जन्म कधीचा? मी हिच्याहून मोठा आहे, शपथेवर सांगतो!"

"खोटं!" लॉरेन म्हणाली. देकाने अजून भाषांतर केलंही नव्हतं.