या वेळी नागोठण्याच्या पुढे: पेण ते रोहा, सायकलवर

गेल्या वर्षी आम्ही पेणहून रत्नागिरीला सायकलने निघालो आणि नागोठण्याहून टेम्पोने परत आलो. जेमतेम पंचवीस किलोमीटर! एवढ्यासाठी मी हेल्मेट घेतलं होतं, गल्लीभर सांगून झालं होतं, शेजारणीने तर निघताना ओवाळलंसुद्धा होतं. त्यामुळे आधीच सांगून ठेवते, ही कुणा पट्टीच्या सायकलवालीची पोस्ट नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा लांब जायचं मनात आलेल्यांनी वाचावी.

परत आलो ते माझ्यामुळे. धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याकडेला बसकण मारली. शुभा माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. तिचे पाय भक्कम. ती सहज पुढे गेली असती. पण ती माझ्याबरोबर टेम्पोत बसली आणि नंतर वर्षभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चिडली असती, चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला काही झालेलं नाही." ऐकून मी आणखीनच वैतागले. काही झालेलं नाही तर मग बसले कशाला होते मी?

म्हणून या डिसेंबरात पुन्हा. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे रंगकाम झालेल्या मूर्तीचे डोळे काढते. बावीस वर्षं झाली. या दिवसांत काम जरा सैल असतं, आणि शुभाने रजा टाकली होती. पहिला मुक्काम रोहा ठरला. मी तिला बजावलं, "या वेळी मी मध्ये बसले तर तू पुढे जायचंस. मी एकटी परत येईन. माझ्यासाठी पुन्हा मागे फिरलीस तर तोंड बघणार नाही तुझं." ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मला मुळीच आवडलं नाही.

सकाळी सहाला निघालो. नवरा सायकल धरून उभा होता. म्हणाला, "रोह्याला स्टेशन हाय हां, लक्षात ठेव."

"तुम्ही कुकरच्या शिट्ट्या लक्षात ठेवा," मी म्हटलं आणि पेडल मारलं.

सामानाचं सांगते. साधी गियरची सायकल पुरते. दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, ओला टॉवेल, मीठ-साखरेच्या पुड्या आणि एकच जादा ड्रेस. गेल्या वेळी मी चार ड्रेस नेले होते. ते चारही घडीसकट परत आले.

पेण ते वडखळ रस्ता रुंद आणि सपाट आहे, पण कंटेनर आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. पांढरी पट्टी सोडू नका आणि कानात गाणी अजिबात लावू नका. उजेड झाला तेव्हा खाडीच्या बाजूला मिठागरं दिसली. मीठ दिसायला अजून वेळ होता, माणसं गुडघाभर चिखलात बांध नीट करत होती. एकाने हात वर करून विचारलं, "कुठं निघाल्याव?" शुभा ओरडली, "रत्नागिरी!" तो हसला की काय केलं कोण जाणे, मी बघितलंच नाही. माझं सगळं लक्ष मागून येणाऱ्या ट्रककडे होतं.

वडखळला पापडाच्या दुकानांच्या पुढे एका टपरीवर मिसळ खाल्ली. साठ रुपये, तर्री मागाल तेवढी. इथपर्यंत येतानाच मला या वेळीही धाप लागली होती. मी चहाच्या वाफेआड तोंड लपवून दम खाल्ला. शुभाच्या लक्षात आलं असणार, पण तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

पुढचे वीस किलोमीटर मी दात-ओठ खाऊन मारले. खड्डा आला की मूठ आवळायची, ट्रक आला की मूठ आवळायची. नागोठण्याच्या अलीकडे गेल्या वर्षी मी बसले ती जागा आली, एक चिंच आणि मैलाचा दगड. शुभाने वेग कमी केला.

"थांबायचं?"

"इथे? मेले तरी इथे नाही थांबणार!"

थांबलो ते थेट नागोठण्यात, चहाच्या गाडीवर. इथून दोन रस्ते आहेत. हायवेने खांब, कोलाड करत रोह्याला गेलं तर अंतर जास्त आणि ट्रकांची सोबत. दुसरा भिसे खिंडीतून, जवळचा. चहावाला म्हणाला, "खिंडीतनं जावा ताई. गाड्या कमी. जरा चढ हाय."

"जरा म्हणजे किती?"

"मोटरसायकलला तर काय कळत पण नाय."

या माणसाला कधीतरी सायकलवर बसवून तिथे सोडायला हवं.

चढ सुरू झाला. सर्वात हलका गियर टाकला, मान खाली घातली आणि समोरच्या दोन हात रस्त्याकडे डोळे लावून पेडल मारत राहिले. दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणावर छातीत कळ, डोक्यात गरगर, आणि तीच अंधारी. सायकल कशीबशी कडेला घेतली आणि झाडाखाली बसले. मला रडूच आलं. पायात ताकद होती हो! पाय म्हणत होते चल, आणि वर छाती दार लावून बसली होती.

शुभा माझ्याजवळ उकिडवी बसली. हळूच म्हणाली, "नंदा, खाली जाऊन टेम्पो बघू का?"

"एकटीपुरता. तू पुढे जायचंस, ठरलंय आपलं."

"बरं," ती म्हणाली. पण तिने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं होतं. ही बाई पुढे जाणार नव्हती.

तेवढ्यात खालच्या वळणावरून एक बाई वर आली. साठीची असेल, डोक्यावर लाकडांची मोळी, पायांत काही नाही. आमच्यापाशी थांबली, माझ्याकडे नीट बघितलं.

"मगाधरनं बघते हाय तुला. तोंड गच्च मिटून काय चढतेस गो?"

"दम लागतो मावशी."

"लागेल नायतर काय! घेतेस आणि धरून ठेवतेस. मग मरतेस. सोडायला नको?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

डोळ्याची रेघ ओढताना आम्ही श्वास धरतो. धरावाच लागतो. छाती हलली तर हात हलतो, हात हलला तर बुबुळ हललं, आणि बुबुळ हललं की देव तिरळा. कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. बावीस वर्षं, दिवसाला कित्येक मूर्ती. आता कुठेही नजर रोखून लक्ष लावलं की माझा श्वास आपोआप अडकतो. खड्डा चुकवताना, ट्रक जाताना, चढावर समोरच्या दोन हात रस्त्याकडे बघताना, सगळीकडे मी आखणीच करत होते. आणि वर्षभर मला वाटत होतं की माझ्यात धमकच नाही!

"मग मी करू काय मावशी?"

"बोल. बोलत चढ. बोलणाऱ्याला दम धरता येत नाय." आणि मोळी सावरत ती चालायलाही लागली.

मी उठले. सायकलवर बसले आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलायचं सुचेना, म्हणून शिव्या दिल्या. आधी खिंडीला, मग चहावाल्याला, मग ओल्या मूर्तीवर आखणी करायला लावणाऱ्या आमच्या शेठला, मग नवऱ्याच्या मामेभावाला, ज्याने लग्नात आहेर पाहून नाक मुरडलं होतं. शुभा मागून हसत हसत येत होती आणि मधूनच नावं पुरवत होती, "तुझी मोठी जाऊ राहिली गं!" जावेने अख्खं एक वळण खाल्लं. मावशीला गाठलं तेव्हा तिने मोळीखालून डोळे मिचकावले. आणि मग एकदम पेडल हलकं झालं. मला कळेना काय झालं. रस्ता उतरायला लागला होता.

उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, वळणं फसवी आहेत. दुपारी दोनला अष्टमीहून कुंडलिका नदीचा पूल ओलांडून रोह्यात शिरलो. लॉजची खोली शुभाने आधीच धरली होती, आठशेला पडली, सायकली जिन्याखाली ठेवू दिल्या. मी नवऱ्याला फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "कुंडलिका बघतेय." तो म्हणाला, "जेवलीस का?"

संध्याकाळी बांगड्याचं ताट खाताना मी शुभाला विचारलं, "उद्या दिवेआगरला कुठे उतरायचंय?"

ती भात कालवत राहिली. ताटाकडे बघतच म्हणाली, "काही बुक नाही केलं गं. रोह्याच्या पुढचं काहीच नाही केलं."

मला ते फार लागलं. आणि लगेच हेही कळलं की तिने रोह्याची खोली मात्र केली होती. नागोठण्याच्या पुढचा एक मुक्काम तिने माझ्या नावाने धरला होता. तेवढा विश्वास माझा माझ्यावरही नव्हता. मी तिचा फोन घेतला, दिवेआगरच्या एका राहण्या-जेवणाच्या घरगुती खानावळीचा नंबर शोधला आणि स्वतः लावला.

पलीकडून बाई बोलल्या, "दोघी का? नक्की येताय ना? नाय, मागच्या आठवड्यात लोक येतो म्हणाले नि आलेच नाय. माझा भात फुकट गेला."

"नक्की येतोय," मी म्हटलं. "भात टाका."

रत्नागिरीपर्यंत पोचलो. परत येऊन आता महिना झाला. गुडघे बरे झाले, हातावरचा उन्हाचा काळा पट्टा निघत आला. समुद्राचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले, आता कुणी बघतही नाही. मला मात्र राहून राहून आठवतो तो दिवेआगरचा भात. आम्ही पोचलो तेव्हा झाकण काढलं आणि वाफ आली. माझ्या शब्दावर कुणीतरी दोन माणसांचे तांदूळ जास्त धुतले होते, आणि मी ते खायला हजर होते.